हिरव्या पडद्यावरचा निरोप

"आई, सगळ्यांच्या आवडीनिवडी एका डब्यात कोंबू नयेत गं. ज्याच्या त्याच्या खणात असू द्याव्यात. डबा बदलला तरी खण राहतो. तुझ्या नावाचा एक करून देऊ?"

"एवढ्याशा यंत्रात वेगळी चूल कशाला? तुझं तेच माझं."

भरतकामाच्या दुकानात संगणक नवा होता, तेव्हाचं हे बोलणं. म्हातारीला खणाचं काही कळलं नव्हतं. मुलाचा आवाज तेवढा कानात राहिला होता.

आज त्याच दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. गिऱ्हाइकं, शेजारी, पोरंटोरं, सगळ्यांच्या माना संगणकाकडे. म्हातारी कोपऱ्यातल्या स्टुलावर. मुलाला घरातून खांद्यावर नेलं तेव्हापासून ती रडली नव्हती. कुणी विचारलं तर "कामात आहे तो," म्हणायची. सुई टोचली तरी बोट दुसऱ्या कुणाचं असावं तशी बघत राहायची.

"पुसून टाक!" मठातले बाबा गरजले.

त्यांच्या भाच्याचा धंदा संगणक दुरुस्तीचा. त्याने नक्षीचा प्रोग्राम काढून टाकला आणि नव्याने भरला. बाबांनी डोळे मिटून बोटं नाचवली.

"ये रे सूक्ष्म देहा! तारेतून ये, विजेतून ये, आलास तर बसून घे!"

पडदा उजळला. हिरवागार, टपोऱ्या अक्षरांचा, मुलगा ठेवायचा अगदी तसा. वर त्याचीच ओळ: 'हळू घे. धागा तुटेल.'

"पुसलं तरी आला!" कुणीतरी किंचाळलं.

"माई, जीव यंत्रात अडकलाय," बाबा मऊ झाले. "यंत्र मठात येऊ द्या. तिथे रोज बोलेल तुमच्याशी. इथे नुसता तडफडेल."

म्हातारीने मान डोलावली. याच यंत्रावर घर चालत होतं. पण घर चालून कुठे जाणार होतं? चौघे उचलायला सरसावले.

"थांबा." सून पुढे आली. "बाबा, आत्मा घरच्यांना ओळखतो ना?"

"अलबत! चराचराला ओळखतो."

"मग मलाही ओळखेल."

तिने मुलाचं खातं बंद केलं, 'पाहुणा' नावाचं नवं उघडलं आणि तोच प्रोग्राम चालू केला. पडदा पांढराफटक. अक्षरं मुंगीएवढी. ओळ नाही.

"आत्मा जेवायला गेला वाटतं," शेजारची शिंपीण फिसकन हसली.

"रुसलाय!" बाबा ओरडले.

"रुसला नाही, खण बदलला." सुनेच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "आपण सगळे अजून त्यांच्याच नावाने आत शिरतो. स्वतःचं नाव घ्यायला कुणाचा हात झाला नाही. म्हणून त्यांचाच खण उघडतो."

ती परत मुलाच्या खात्यात शिरली. नावाआधी टिंब दिलेली एक फाईल होती. अशी फाईल एरवी यादीत दिसत नाही. तिने ती दाखवली. आत तीन ओळी: रंग, अक्षराचा आकार, निरोप.

"प्रोग्राम काढला तरी ही मागे राहते. माणसाची आवड पुसली जाऊ नये म्हणून मुद्दाम तशी सोय केलेली असते. नवा प्रोग्राम आला की आधी हिलाच विचारतो." तिने 'हिरवा' खोडून 'निळा' लिहिलं, प्रोग्राम पुन्हा उघडला. पडदा निळा.

"भाऊ, दुरुस्तीवाल्याला हे ठाऊक नसतं?"

भाचा जमिनीकडे बघत पुटपुटला, "मामांना सांगितलं होतं मी..."

मामा दारापर्यंत पोचले होते. चपला तिथेच राहिल्या.

"दिसत नाही ते सगळं दैवी नसतं," सून लोकांना म्हणाली. "कुणी ठेवलं, कुठे ठेवलं, एवढं विचारत चला. कसं बघायचं ते मी शिकवते. कुणीही या."

गर्दी पांगली. सुनेने निळा खोडून पुन्हा हिरवा केला.

"राहू दे ना, आई?"

म्हातारी उठली. ओळीवरून बोट फिरवलं. काच थंडगार होती, आणि ते तिच्या बोटाला कळलं.

"मी मशीन पळवायचे म्हणून लिहिलं होतं त्याने."

"हो."

"राहू दे त्याच्या खणात. मला माझ्या नावाचा एक करून दे." ती खुर्चीत बसली.

"गेला गं तो," ती म्हणाली.