दोन चुलींची भज्जी

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, देवणीत माणूस सापडत नाही. घरांना कुलपं, दुकानं बंद, सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि पोटभर भज्जी, म्हणजे दाण्यांची-पाल्याची आंबट मिसळभाजी, अन् ज्वारीची ताकातली अंबील खायची. नेमकी याच दिवशी दुपारी माझ्या नातीची, सुकन्याची, फोनवर मुलाखत! एका मोठ्या संस्थेत विश्वाच्या जन्मावर संशोधन करायचं होतं तिला. तारखेला हो म्हणताना तिनं इंग्रजी तारीख पाहिली, अमावस्या पाहिलीच नाही.

"मी घरीच थांबते," ती म्हणाली.

"येळवशीला घरात कोण थांबतं?" तिचा बाप भुजंग म्हणाला. "चल रानात. विहिरीपाशी रेंज येती."

मागच्या वर्षी अशाच मुलाखतीत साहेबांनी तिला सांगितलं होतं, गणित राहू द्या, साध्या शब्दांत सांगा. पोरीची वाचाच बसली. आता ही दुसरी आणि शेवटची संधी. ही हुकली की बँकेच्या परीक्षा द्यायच्या, असं भुजंगनं बजावलं होतं.

त्यात माझी धाकटी बहीण गुणा आली. आम्ही जळकोटच्या. एकाच मांडवात दोघींची लग्नं लागली. मला देवणीत दिली, तिला उमरीत. येळवशीला जिनं तिनं आपल्या सासरच्या रानात असायचं, त्यामुळे लग्नानंतर या दिवशी आम्ही कधीच भेटलो नव्हतो. यंदा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती लातूरला लेकाकडे होती, म्हणून जमलं. येताना रिकाम्या हातानं कशी येईल? स्वतः रांधलेल्या भज्जीचा डबा घेऊन आली.

कोपीपुढं पंगत बसली. मुलाखतीच्या धास्तीनं सुकन्याला घास गिळेना. मी आग्रहानं तिच्या पानात दोन्ही भज्ज्या वाढल्या. एक घास माझ्या भज्जीचा, एक गुणाच्या. पोरगी एकदम थांबली.

"आज्जी, दोन्ही एकच आहेत!"

मीही चाखली आणि डोळ्यांपुढं जळकोटची चूल आली. हिरव्या तुरीचे, वालाचे दाणे सोलत आईच्या दोन बाजूंना बसलेल्या आम्ही दोघी, आणि चिंचेचा कोळ पिळणारे आईचे हात. तोच आंबटपणा, तोच ठसका.

"गुणा आज्जी, तुम्ही एकमेकींना विचारून करता?"

"कुठलं गं! येळवशीला अक्काचं तोंड तरी दिसलं का मला कधी? आईच्या हाताखाली शिकलो, तेवढंच."

"आणि मग?"

"मग काय? आदल्या दिशी एका चुलीपुढं, दुसऱ्या दिशी एक देवणीत अन् एक उमरीत. रडायलाबी सवड न्हाई मिळाली!"

सुकन्या खरकट्या हातानंच उठली. "हेच! आभाळाच्या या टोकाकडून येणारा अगदी जुना उजेड आणि त्या टोकाकडून येणारा, दोन्हींची ऊब सारखी आहे. ती टोकं इतकी लांब, की एकाची खबर दुसऱ्याला पोचायला वेळच मिळालेला नाही. मग सारखी कशी? तर अगदी सुरुवातीला ती एकमेकांना खेटून होती, एकजीव होती. मग क्षणाच्याही बारीक तुकड्यात विश्व असं काही फुगलं, की ती कुठल्या कुठं फेकली गेली."

"तुझ्या आभाळाचंबी एकाच मांडवात उरकलं म्हण की," गुणा म्हणाली. "पण सारखी कशी म्हणती? माझ्यात कारळ्याच्या कुटाची चिमूट जास्त हाय. नीट चाख."

सुकन्यानं चाखलं आणि टाळीच वाजवली. "आभाळातही तसाच बारीक फरक आहे! लाखात एक. त्या फरकावरच पुढं तारे झाले, आपण झालो!"

"बघ अक्का, माझं कारळं कुठवर पोचलं!"

तेवढ्यात विहिरीच्या कठड्यावर ठेवलेला फोन वाजला. सुकन्या विहिरीकडे पळाली. आम्ही कोपीपाशी कान देऊन बसलो. इंग्रजीच्या त्या झोतात मला एकच शब्द कळत होता: भज्जी. पुन्हा भज्जी. मग 'गुणा आज्जी'.

"माझं नाव कशाला घेती?" गुणानं मला चिमटा काढला. "वाटोळं व्हायचं पोरीचं!"

सुकन्या परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "शेवटी साहेबांनी विचारलं, विश्व इतक्या जोरात फुगवलं कशानं? आणि मग ते थांबलं कसं?"

"मग?" भुजंग पुढं सरकला.

"मी म्हणाले, माझ्या आज्ज्यांचं लग्न पणजोबांनी ठरवलं, एवढं मला माहीत आहे. विश्वाचं कुणालाच नक्की माहीत नाही. ते शोधायलाच यायचंय."

"न्हाई माहीत, असं म्हणलीस?" भुजंगनं कपाळाला हात लावला. "बँकेचा फॉर्म भरून टाक."

ऊन कललं. संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणाले होते, म्हणून सुकन्या पुन्हा विहिरीपाशी जाऊन बसली होती. अंबिलीचा बिंदगा, म्हणजे छोटी घागर, डोक्यावर घेऊन रानात पिकांवर शिंपायची वेळ झाली. भुजंगनं बिंदगा डोक्यावर घेतला आणि विहिरीकडून सुकन्याची किंकाळी आली. साप निघाला असं वाटून आम्ही धावलो. ती फोन नाचवत होती.

"घेतलं, बाबा! घेतलं मला!"

भुजंगनं डोक्यावरचा बिंदगा उतरवून लेकीच्या डोक्यावर ठेवला. आजवर आमच्या घरात तो बाप्यांनीच नेलेला.

सुकन्या ज्वारीच्या कडेनं पळत सुटली, अंबील उडवत, "ओलगे ओलगे, सालम पोलगे" असा येळवशीचा पुकारा करत. तिच्यामागं गुणा, एका डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली. आणि तिच्यामागं, गुडघे विसरून, मी.