सहाव्या वर्षीची दाढ

“आधी तोंड स्वच्छ, मग देवाचं नाव,” आई म्हणायची. तिला अक्षरओळख नव्हती. मी चौथीपर्यंत गेले, पण तिनं घालून दिलेला हा नेम कधी मोडला नाही. लेकीकडे मात्र दुर्लक्ष झालं, हे कबूल करते. तिची मागची दाढ किडलेली दिसली तेव्हा वाटलं, सात वर्षांची पोर, दुधाचाच दात. आज ना उद्या पडेल.

दवाखान्यात मदतनीस बाईंनी फॉर्म भरला. “आईचं शिक्षण?”

“चौथी.”

डॉक्टरबाईंनी आधी फॉर्म पाहिला, मग लेकीचं तोंड. “ही दुधाची नाही, कायमची दाढ आहे. सहाव्या वर्षी मागून येते, एकही दात न पडता. काढूनच टाकू.”

“वाचणार नाही का?”

“वाचेल. पण चार मंगळवार यावं लागेल, आणि सकाळ-रात्र दोन्ही वेळा ब्रश तुम्ही स्वतः करून द्यायचा. तुमच्यासारख्या घरांतली माणसं एकदा येतात, पुन्हा फिरकत नाहीत. मग पू होतो.”

माझा आवाज मुळातच बारीक. तरी म्हटलं, “बाई, चुकले मी. मला बोला. पण माझ्या चौथीवरून तिची दाढ काढू नका.”

“रागावू नका हो. अनुभव आहे म्हणून बोलते.”

“तो दुसऱ्यांचा. माझा अजून यायचाय तुम्हाला.”

मदतनीस बाईंनी फॉर्म तोंडापुढे धरून हसू लपवलं. डॉक्टरबाईंनी चिमटा खाली ठेवला. “एक जरी मंगळवार चुकला तरी काढणार.”

“लिहून ठेवा. नाही चुकणार.”

त्या दिवशी दाढेत तात्पुरतं औषध भरलं. घरी ब्रशची दोन मिनिटं मोजायला मी मनातल्या मनात जप धरला. लेक फेसाळल्या तोंडानं कुरकुरली, “आई, देवालासुद्धा कंटाळा आला असेल!”

“त्याला नाही येत. आ कर.”

दुसऱ्या मंगळवारी कारखान्यातून शर्टांचा मोठा माल जायचा होता. काजं करणाऱ्या आम्ही दोघीच. सुपरवायझर म्हणाले, “एवढ्याशा दातासाठी रजा? डॉक्टरीण काय पळून चाललीये? पुढच्या आठवड्यात जा.”

“उरलेली काजं उद्या सकाळी सहाला येऊन करते, दादा.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर म्हणा.”

मशीन कापडानं झाकलं, कात्री खणात ठेवली आणि लेकीला शाळेतून घ्यायला निघाले.