स्टिकर निघालेली चार मशिनं

माणसाला किळस यायला घाणच लागते असं नाही. मला एका चकचकीत कागदी स्टिकरची येते. पांढरा, बोटभर लांब, वर कंपनीचं नाव, खाली काळ्या रेघा.

तिरुपूरच्या आमच्या बनियनच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळते. शिलाईची दोनशे बारा मशिनं. प्रत्येकाच्या पोटाखाली बनवणाऱ्याने ठोकलेला नंबर असतो. तो, मशीन कधी आलं, कुठल्या लाईनला बसलं, सगळं मी लाल रेक्झिनच्या रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेलं. मग परदेशातल्या खरेदीदाराने सांगितलं, प्रत्येक वस्तूवर टॅग हवा. त्यासाठी सेंदिलनाथन नावाचा नवा मॅनेजर आला. त्याने नमुने मागवले आणि मला आणि आमचे मेकॅनिक मरुदाचलम अण्णा यांना केबिनमध्ये बोलावलं.

अण्णांनी काय करावं? एक कागदी स्टिकर आणि एक ॲल्युमिनियमची पट्टी दोन दिवस वाटीभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवली आणि वाटीच घेऊन केबिनमध्ये आले. स्टिकरचा लगदा झाला होता. पट्टीवरचं अक्षर न् अक्षर शाबूत.

"सर, मशीन तेल पितं. कागद टिकायचा नाही. पट्टी घ्या, पाठीमागच्या बाजूला रिबिट मारून देतो. माझ्यानंतरही राहील."

सेंदिलनाथनने वाटीकडे बघून नाक मुरडलं. "हे टेबलावरून उचला आधी. पाठीमागे लावलेलं फोटोत दिसणार कसं? स्टिकर समोर पाहिजे. आणि मरुदाचलम, तुम्ही मशिनं बघा, टॅगचं मी बघतो."

स्टिकर आले. अगदी समोर, जिथे टेलरचा हात दिवसभर घासतो, तिथे लागले. स्टिकर फाटला तर त्या बाईला अर्धा दिवस घरी पाठवणार, अशी नोटीसही लागली. नवी यादी कॉम्प्युटरवर झाली, तिच्यात मशीनच्या पोटाखालचे नंबर घ्या असं मी म्हटलं, तर सेंदिलनाथन म्हणाला, "ते जुनं झालं, अक्का. तुमचं रजिस्टर रद्दीत द्या आणि दिल्याची सही करा."

मी सही केली. रजिस्टर मात्र पिशवीत घालून घरी नेलं आणि कपाटावर ठेवलं. एकोणीस वर्षांचं अक्षर रद्दीत घालवेना.

मग आली आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी मशीनला कुणी हात लावत नाही, पण आदल्या दिवशी आंघोळ घालतात. रॉकेलची चिंधी घेऊन प्रत्येक बाई आपलं मशीन सांदीकोपऱ्यापर्यंत पुसते, मग चंदन, कुंकू, झेंडूची माळ. वर्षभर ज्याच्यावर पोट भरलं त्याला कळकट कसं ठेवायचं? पण रॉकेल लागलं की स्टिकर जाणार, आणि नोटीस तर भिंतीवर. बायकांनी डोकं चालवलं. सगळे स्टिकर नखाने अलगद सोडवून आपापल्या लाईनच्या खिडकीच्या काचेवर ओळीने चिकटवले. कोहळा फुटला, चुरमुरे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरल्यावर जिच्या हाताला जो लागला तो तिने परत लावला. कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशिनांचे चार एकमेकांना चिकटून फाटले. त्या लाईनवरच्या तुळसीमणीने भीतीने त्यांचा बोळा करून मोरीत टाकला आणि मला येऊन कानात सांगितलं.

"अक्का, कुणाला बोलू नका. घरी पाठवतील."

सुट्टीनंतर सेंदिलनाथन स्कॅनर घेऊन फिरला. कॉम्प्युटर म्हणाला, चार ओव्हरलॉक मशिनं गायब. लाईनवर बिनस्टिकरची चार ओव्हरलॉक मशिनं उभी. पहिलीतल्या पोरालाही कळेल. याला कळलं ते असं, की कुणीतरी आपली चार चांगली मशिनं बाहेर विकली आणि भंगारातली चार आणून उभी केली. आणि दुरुस्तीसाठी मशिनं आतबाहेर नेतो कोण? मरुदाचलम.

मी पूजेचं सांगायला गेले. तुळसीमणीचं नाव घेतलं नाही. तो म्हणाला, "पुरावा दाखवा."

पुरावा माझ्या कपाटावर होता. दाखवायचा तर खोटी सही केली हेही दाखवावं लागणार होतं. मी स्टोअरमध्ये परत गेले.

दुसऱ्या दिवसापासून गेटवर अण्णांची झडती सुरू झाली. चौकशी संपेपर्यंत, येताना आणि जाताना. सुटे भाग आणत-नेत असतील म्हणून जेवणाचा डबासुद्धा. वॉचमन वेलुच्चामी पहिल्या दिवशी ओशाळला. तिसऱ्या दिवसापासून सरावला. ज्या पेनाने कान खाजवायचा, तेच दहीभातात खुपसून ढवळायचा. ओव्हरलॉक मशीन काय भातात पुरून नेणार होते अण्णा? अख्खी शिफ्ट मागे रांगेत उभी, आणि सत्तावीस वर्षं मशिनांची नाडी बघणारा माणूस डब्याचं झाकण हातात धरून उभा. डबा घेऊन आत जायचे आणि जेवणाच्या सुट्टीत तो भात मागच्या कुत्र्यांना घालायचे. मी खिडकीतून बघायचे.

रोज घरी गेल्यावर ठरवायचे, उद्या रजिस्टर नेते. सकाळी पिशवीत टाकायचे, परत काढायचे. अकरा दिवस हे शेण मी खाल्लं.

अकराव्या दिवशी समजलं, पोलिसांत तक्रार द्यायचं चाललंय. बाराव्या दिवशी रजिस्टर नेऊन सेंदिलनाथनच्या टेबलावर आपटलं. खाली जाऊन चारही मशिनं आडवी केली, पोटाखालचे नंबर वाचले. चारही माझ्या अक्षरात, तारखेसकट. नऊ वर्षांपूर्वी आमच्याच दारात उतरलेली.

सेंदिलनाथनने रजिस्टर दोनदा उलटसुलट केलं. मग हसला. "म्हणजे टॅली झालं तर. मग आधी नाही का आणायचं, अक्का? सहीचं जाऊ द्या, मी काही बोलत नाही. मरुदाचलम, झालं गेलं विसरा. चार नवे स्टिकर काढतो."

माफीचा एक शब्द नाही. वर माझ्यावर उपकार. थुंकावंसं वाटलं.

त्या दुपारी अण्णा जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये शिरले. मी रजिस्टर परत घ्यायला तिथेच उभी होते. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, सेंदिलनाथनच्या खिशातलं पेन उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"बघून घ्या, सर."

"अहो, आता कशाला? संपलं ते."

"सकाळपर्यंत लागत होतं. ढवळून बघा."

सेंदिलनाथन खुर्चीत मागे सरकला. पेन हातातच राहिलं. अण्णांनी डबा उचलला. मला वाटलं, निघाले. ते माझ्यासमोर येऊन थांबले.

"तुम्हीही बघून घ्या, अम्मणी."

वयाने लहान बाईला आमच्याकडे मायेने अम्मणी म्हणतात. सत्तावीस वर्षं इथे काढलेल्या या माणसाने मला ते एकोणीस वर्षं म्हटलं होतं.

"अण्णा, मी तर रजिस्टर—"

"आणलंत. बघितलं मी." आवाज चढला नव्हता. "तुमच्याकडे किती दिवस होतं?"

त्यांनी डबा माझ्या डोळ्यांपुढे तसाच धरून ठेवला, आणि मी बघितलं. दहीभात, कडेला लिंबाच्या लोणच्याची एक फोड. कुणीतरी घरी निगुतीने भरलेला.