देस्लानची पेटी फिरवली नाही

कचऱ्याची गाडी आमच्या वस्तीत कधीच येत नसे. हैतीहून सीमा ओलांडून आलेल्या, साखर कारखान्याच्या ऊसतोड्यांची वस्ती ती, तिला आमच्याकडे बातेय म्हणतात. शहराचा कचरा गाडी नेते, आमचा आम्ही खड्ड्यात टाकतो आणि वर पाचट घालून पेटवतो. म्हणून त्या सकाळी नगरपालिकेची हिरवी गाडी फडाच्या कडेने वळताना दिसली, तेव्हा नळावरच्या बायका हसायलाच लागल्या.

"रोझिल्या, तुझी वरात आली गं," कुणीतरी ओरडलं.

रोझिल्या शहरात लोकांची धुणी धुते. नगरपालिकेची खुली सभा असते आणि गावात राहणारा कुणीही तिथे उभा राहून प्रश्न विचारू शकतो, हे तिनेच कुठून तरी काढलं होतं. महिनाभर ती घरोघर फिरत होती. येत्या शुक्रवारी आम्ही सगळ्यांनी जायचं, पाणी का नाही, कचरा का उचलत नाहीत, इमिग्रेशनवाले वस्तीत घुसतात तेव्हा नगराध्यक्ष कुठे असतात, हे तोंडावर विचारायचं, असं ठरलं होतं. बाजारात नगराध्यक्ष लिसान्द्रो भेटले तेव्हा तिने त्यांनाही सांगून टाकलं. ते हसले होते. "या ना, जरूर या," म्हणाले होते.

गाडी नळापाशी थांबली. मागचं फळकूट पडलं आणि आतून इमिग्रेशनच्या शिपायांनी उड्या मारल्या.

बादल्या तिथेच राहिल्या. ज्यांना पळता आलं त्या उसात घुसल्या. माझी लेक अनाईझ आठ महिन्यांची पोटुशी, ती काय पळणार. एकाने तिचे केस मुठीत धरले आणि तिला चिखलातून ओढत नेलं. मी त्याच्या हाताला चावले. तोंडात रक्ताची चव आली आणि लगेच कानशिलावर दंडुका बसला. मी पडले, तर दुसऱ्याने बरगडीत बूट घातला.

"ती इथे जन्मलीय," मी म्हणत होते. "त्या समोरच्या खोलीत जन्मलीय. मी हैतीची, मला न्या."

"म्हातारीला काय करायचंय," तो म्हणाला. "तू वाटेतच मरशील, पुरायचा खर्च आमच्यावर."

शेजारच्या खोलीतला मुलगा वेलीयो दारात आला, तर त्याच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता मारला. दात मातीत सांडले. दहा-बारा माणसं त्यांनी गाडीत कोंबली, कचऱ्याच्या कुजट वासात. फळकूट वर चढलं, खिळीचा खटका लावला. गाडी निघाली तेव्हा फटीतून अनाईझची बोटं तेवढी दिसत होती.

रोझिल्या उसातून बाहेर आली. पानांनी तिचा चेहरा फाटला होता. तिने डोक्याचं फडकं सोडून माझं डोकं बांधलं आणि मोटरसायकलवाल्याला गाडीच्या मागे पाठवलं. तो परत आला तेव्हा उन्हं चढली होती.

"अजून दोन वस्त्या करणार आहेत," तो म्हणाला. "जेवणं उरकून हैतीच्या सीमेकडे निघणार. सेइबाच्या चौकातून जाईल गाडी."

सेइबाचा चौक आमच्यापासून जवळ. मोठं सेइबाचं झाड आहे तिथे, शहराचा रस्ता आणि सीमेचा रस्ता त्याच्याखाली मिळतात. एकदा गाडी सीमेवरचा पूल ओलांडून पलीकडे गेली की अनाईझ परत येणार नव्हती. पलीकडे तिचं कुणीही नव्हतं. पोर रस्त्यावर झालं असतं.

"झाडं तोडून टाकू रस्त्यावर," एक जण म्हणाला.

"म्हणजे ते गोळ्या घालतील आणि झाडं तुलाच उचलायला लावतील," रोझिल्या म्हणाली. मग ती प्रार्थनेच्या खोलीकडे बघायला लागली. "ड्रायव्हर कोण होता?"

"तातिको. नगरपालिकेचाच."

"तातिको प्रेतयात्रेसमोर गाडी बंद करतो की नाही?"

असं विचारण्यासारखं काही नव्हतंच. आमच्याकडे सगळेच करतात. गोरा असो, काळा असो, ट्रकवाला असो की कारखान्याचा साहेब. प्रेत समोर आलं की इंजिन बंद, टोपी हातात. चालू इंजिनसमोरून प्रेत गेलं तर ते गाडीत बसतं, असं तातिकोची आईसुद्धा म्हणायची.

प्रार्थनेच्या खोलीत एक पेटी कायम तयार असते. सगळ्यांनी मिळून केलेली, पुढे जो कुणी मरेल त्याच्यासाठी. तो मेला की दुसरी करायची. तिची किल्ली देस्लानकडे. देस्लान माझ्या नवऱ्याच्या बरोबरीचा. दोघे एकाच ट्रकमधून इकडे ऊस तोडायला आले होते. अनाईझचा तो धर्मबाप. वस्तीतल्या प्रत्येक प्रेताला पुढचा खांदा त्याचाच.

"नाही," देस्लान म्हणाला. "रिकामी पेटी खांद्यावर घ्यायची नाही."

"काका, अनाईझ आहे त्या गाडीत," रोझिल्या म्हणाली.

"मला सांगतेस होय? बाप्तिस्म्याचं पाणी तिच्या डोक्यावर मीच धरलंय." तो माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला. ती पेटी पुढच्या माणसासाठी आहे."

"पुढचा माणूस थांबेल जरा," मी म्हणाले. "भावजी, किल्ली द्या."

त्याने थोडा वेळ माझ्या डोक्याला बांधलेल्या फडक्याकडे बघितलं. रक्त गालावर वाळलं होतं. मग त्याने गळ्यातली किल्ली काढली.

वजनासाठी रोझिल्या दगड घाला म्हणत होती. देस्लान ऐकेना. मेलेल्याच्या जागी दगड घातले तर पुढच्या मेलेल्याला ते उरावर घेऊन जावं लागतं, म्हणाला. वाद घालायला वेळ नव्हता. शेवटी उसाच्या दोन मोळ्या आत ठेवल्या आणि झाकण ठोकलं. पुरुषांनी पांढरे सदरे घातले. बायकांनी काळं घातलं. माझा कोयता मी कंबरेला, झग्याच्या आत बांधला. किती जणींनी बांधला होता ते मी विचारलं नाही.

ठरलं ते साधं होतं. गाडी दिसली की पेटी आडवी न्यायची. तातिको इंजिन बंद करील. मागे माणसं भरली की शिपाई पुढे केबिनमध्ये आणि टपावर असतात, त्यांच्या टोप्या उतरतील, नजरा खाली जातील. रडणाऱ्या बायका गाडीच्या दोन्ही बाजूंनी मागे जातील आणि फळकुटाचा खटका काढतील. आतले उड्या मारून उसात पळतील. पेटीने सरळ पुढे चालत राहायचं.

सेइबाखाली आम्ही उभे राहिलो. देस्लानने पुढचा डावा खांदा घेतला होता.

"हलकं आहे," तो पुटपुटला. "लाज वाटते."

"वजनदार माणूस नव्हता बिचारा," मागचा म्हणाला. त्यावर एक-दोघं हसले. तेवढ्यात गाडी दिसली.

बायकांनी हंबरडा फोडला. मला खोटं रडावं लागलं नाही. पेटी रस्त्यावर आली. हिरवी गाडी जवळ आली, मंदावली आणि थांबली. इंजिनाची घरघर बंद पडली. तातिकोने टोपी काढली आणि छातीवर क्रॉसची खूण केली. टपावरच्या शिपायानेही टोपी काढली. केबिनमधला सकाळचाच होता, मी चावलेल्या हाताला चिंधी बांधलेला. त्यानेही काढली.

मी गाडीच्या बाजूने मागे सरकले. फटीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "आई." मी झग्यात हात घातला.

पेटी सरळ गेली असती तर सगळं झालं असतं. पण तो चौक होता. आमच्याकडे प्रेत चौकात आलं की पेटी तीनदा गरागरा फिरवतात. मेलेल्याची दिशा चुकावी, त्याला घराची वाट सापडू नये, त्याने परत येऊन कुणाला छळू नये, म्हणून. देस्लानने आयुष्यभर प्रत्येक पेटी त्या सेइबाखाली फिरवली होती. माझ्या नवऱ्याचीही. फिरवू नका, हे त्याला सांगायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही, कारण तसं कुणी कधी कुणाला सांगत नाही. पाय आपले आपणच वळले. त्याच्याबरोबर बाकीचे तिघेही.

पेटी भोवऱ्यासारखी फिरली. आत मोळ्यांचे बंध सुटले आणि ऊस फळ्यांवर खडखड आपटला.

टपावरचा शिपाई खाली उतरला. त्याने पेटीवर दस्ता मारला, परत मारला. झाकण फुटलं आणि ऊस रस्त्यावर सांडला.

"छान," तो म्हणाला. "मेलेला गोड होता म्हणायचा."

मग त्याने दस्ता फिरवला तो मागच्या एका खांदेकऱ्याच्या जबड्यावर. बाकीचे शिपाई उतरले आणि दंडुके सुरू झाले. रोझिल्याला दोघांनी खाली पाडून लाथा घातल्या, तिचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. एका बाईने उसाचं कांडं उचलून शिपायाच्या तोंडावर हाणलं, त्याचं नाक फुटलं. वेलीयोची आई कोयता घेऊन धावली आणि तिने एकाची मांडी फाडली. मी फळकुटाला लटकले होते. खटका गंजलेला, निघेना. कोयत्याने खिळीवर ठोकायला लागले. तो चिंधीवाला धावत आला आणि त्याने खटका हाताने दाबून धरला.

"सोड," मी म्हणाले.

त्याने सोडला नाही. मी मारला. त्याची दोन बोटं आणि खिळी एकदमच खाली पडली. तो ओरडायला लागला. मला वाईट वाटलं नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

फळकूट आदळलं. आतली माणसं एकमेकांवर कोसळत बाहेर आली. अनाईझला कुणीतरी खांद्याला धरून उतरवलं. ती धड उभीही राहू शकत नव्हती. फुटलेल्या नाकाच्या शिपायाने तिला बघितलं, बंदूक खांद्याला लावली आणि ओरडला, "थांब."

देस्लान तोपर्यंत फुटलेल्या पेटीजवळ गुडघ्यावर बसला होता. सांडलेला ऊस परत आत भरत होता, वेड्यासारखा. ओरडणं ऐकून तो उठला. हातात काही नव्हतं त्याच्या. तो चालत बंदुकीसमोर गेला आणि म्हणाला, "साहेब, चूक माझी. पेटी मी फिरवली."

गोळी त्याच्या गळ्यातून गेली. तो माझ्या पायापाशी पडला. त्याचं रक्त खडीवरून गाडीच्या चाकाखाली वाहत गेलं. सगळ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले, शिपायांचेसुद्धा. तेवढ्या वेळात अनाईझ उसात गेली.

निम्म्या लोकांना त्यांनी पुन्हा पकडलं आणि मारत मारत आत भरलं. पण गाडी निघाली नाही. तातिकोने किल्ली काढून खिशात घातली होती आणि तो खाली उतरून टोपी हातात धरून उभा होता.

"चालव," शिपाई म्हणाला.

"प्रेत आहे रस्त्यात," तातिको म्हणाला.

त्यांनी त्यालाही मारलं. शेवटी किल्ली हिसकावून एका शिपायानेच गाडी नेली, देस्लानला वळसा घालून.

पेटी आम्ही परत जोडली. फळ्या त्याच, चिरांवर पत्र्याच्या पट्ट्या मारल्या. दुसरी करायला वेळ होता, पण मी म्हणाले, हीच, आणि देस्लानला तिच्यातच ठेवलं. शुक्रवारी खुली सभा होती. आम्ही पेटी घेऊन नगरपालिकेत गेलो, सगळी वस्ती, डोकी फुटलेली, हात गळ्यात बांधलेले. दारातल्या पोलिसांनी दंडुके उगारले. पेटी पुढे आली तशा त्यांच्या टोप्या उतरल्या. पेटी सभागृहात मधोमध ठेवली. नगराध्यक्ष लिसान्द्रोंना उभं राहावं लागलं. प्रेतासमोर बसून राहील असा माणूस आमच्याकडे नाही.

"माझा एकच प्रश्न आहे," रोझिल्या म्हणाली. तिचा ओठ शिवलेला होता, शब्द नीट फुटत नव्हते. "गाडी कोणाची होती?"

"चौकशी करू," ते म्हणाले.

"कचऱ्याची गाडी. हिरवी. कोणाची आहे?"

"तुमच्या लोकांनी हल्ला केला होता. एका शिपायाची बोटं—"

"माझ्या कोयत्याने," मी म्हणाले. "गाडी कोणाची ते सांगा."

मागे भिंतीला टेकून तातिको उभा होता, एक डोळा बंद, सुजलेला. "इमिग्रेशनला फोन तुम्हीच केलात, साहेब," तो म्हणाला. "डिझेलही तुम्हीच भरायला सांगितलंत." त्याची नोकरी त्याच क्षणी गेली. पण शहरातले दुकानदार, सभेला येणारी नेहमीची माणसं, सगळ्यांनी ते ऐकलं होतं. लोकांना आवरा, असं पोलिसांना सांगून नगराध्यक्ष मागच्या दाराकडे निघाले. त्यांना अडवताना अजून दोघा-तिघांची डोकी फुटली.

आम्ही पेटी उचलली. बाहेर नगरपालिकेचा चौक, चारी बाजूंना रस्ते. नगराध्यक्ष मागच्या दाराने फिरून गॅलरीत आले होते. त्यांचं लहानपण आमच्याच बाजूला गेलेलं, फडाच्या कडेला. खांदेकरी चौकाच्या मध्यावर आले आणि न थांबता सरळ चालत राहिले.

"अरे, फिरवा," नगराध्यक्ष वरून म्हणाले. कुणी वर बघितलं नाही. "पेटी फिरवा रे. असं नेऊ नये."

देस्लानच्या जागी, पुढच्या डाव्या खांद्याला, वेलीयो होता. दात गेल्यामुळे त्याचं बोलणं फुसफुस यायचं. "काकाला वाट लक्षात राहू दे," तो म्हणाला.

सेइबाच्या चौकातही फिरवली नाही. दफनभूमीपर्यंत सरळ नेली.

अनाईझला मुलगी झाली. पोलीस मला घेऊन गेले, मारलं, महिन्याने सोडलं. देस्लानची पेटी ज्या दारातून आत गेली होती, ते नगरपालिकेचं मुख्य दार नगराध्यक्षांनी पुढच्या पावसाळ्यात विटांनी बुजवून घेतलं आणि दुसऱ्या बाजूला नवीन काढलं. हिरवी गाडी आमच्या वस्तीत पुन्हा आली नाही. माणसांसाठी नाही आणि कचऱ्यासाठीही नाही. तो आम्ही अजून खड्ड्यातच जाळतो. रोझिल्या आता कचऱ्याचं विचारायला जाते, दर खुल्या सभेला, नव्या दाराने.