खलाशाच्या गळ्यातलं पुष्पचक्र

वैभवीने सासऱ्यांना कालपासून एकच बजावलं होतं, "बाबा, तुम्ही फक्त मागे उभं राहायचं. कशालाही हात लावायचा नाही." चार वर्षं इंग्लंडमधल्या त्या समुद्रकाठच्या गावात राहूनही तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. आत्ता कुठे स्मारकाच्या कमिटीवर घेतलं होतं, तेही ट्रायलवर. आज काही वावगं झालं, तर चेअरमन रॉजर गोड हसून तिला घरी बसवणार होता.

स्मारक तसं साधंच. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना गेलेल्या खलाशांचं. बुटक्या चौथऱ्यावर ब्राँझचा एक पोरसवदा खलाशी, डोक्यावर गोल टोपी. बिगुल वाजला, सगळे शांत उभे राहिले, वैभवीने पॉपीच्या लाल फुलांचं पुष्पचक्र त्याच्या पायाशी ठेवलं. लोक चहाकडे वळले आणि तिचा जीव भांड्यात पडला.

सासऱ्यांचा, मुरलीधरपंतांचा, जीव मात्र कासावीस झाला. पुण्यात महापालिकेतली अख्खी नोकरी जयंत्या-पुण्यतिथ्यांना पुतळ्यांना हार घालण्यात गेलेली, आणि इथे एवढ्या शूर पोराचा हार जमिनीवर? ही काय रीत झाली? गृहस्थ चढले की चौथऱ्यावर. पुष्पचक्र उचललं, टोपीवरून दाबून खाली ओढलं, गळ्यात नीट बसवलं आणि उतरून हात जोडले.

रॉजरने हातातला कप खाली ठेवला. वैभवी धावली, चढली, ओढू लागली; पण टोपीखाली गेलेलं ते चक्र वर येईल तर शपथ. तिला रडूच यायला लागलं.

"बाबा, काय केलंत हे?"

"अगं, पायाशी काय ठेवतेस? मोहिमेवरून पोरगा परत आला की गळ्यातच घालतो ना आपण?"

तेवढ्यात मार्गारेटबाई काठी टेकत पुढे आल्या. नव्वदी ओलांडलेल्या, त्यांचा थोरला भाऊ फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावरून परतलाच नव्हता. "काय म्हणतायत ते?" त्यांनी विचारलं. वैभवीने मान खाली घालून इंग्रजीत सांगितलं.

म्हातारीने मान वर करून पुतळ्याकडे पाहिलं. "युद्ध संपल्यावर आई फुलं घेऊन स्टेशनवर जायची," त्या म्हणाल्या. "तो गेल्याची तार आलेली असूनही. आणि तीच फुलं घरी घेऊन यायची."

रॉजर चक्र काढायला पुढे सरसावला.

"ते तसंच राहू दे, रॉजर," मार्गारेटबाई म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी या मुलीला एक शिडी आणून दे."