पुढे, मागे आणि आईची किक

केळीच्या बागेत शिरलं की आवाजसुद्धा हिरवा होतो, असं मला वाटतं. वर पानाला पान टेकलेलं, खाली ओली माती, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेनं आई डोक्यावर घड घेऊन येत असते. तिथे ट्रॅक्टर शिरत नाही. म्हणून आम्ही गाडी बनवली. सांगाडा पप्पांनी बहादरपुरात वेल्डिंग करून आणला, चार बुटकी जाड चाकं लावली. पण इंजिन माझं.

म्हणजे आधी ते उमेशमामाचं. त्याची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल डोईफोडियाला गोठ्यात पडून होती, टाकीवर कोंबड्या झोपायच्या. मी इंजिन पूर्ण उघडलं, झिजलेला सिलिंडर बुऱ्हाणपुरातून बोर करून आणला, नवा पिस्टन घातला, व्हिडिओ बघत आणि मामाचं डोकं खात परत जोडलं. अकरावीतली मुलगी इंजिन बांधते म्हटल्यावर वर्गातली पोरं आधी हसली. आता तीच हळूच येऊन आपापल्या स्कूटीचे आजार सांगतात. मी ऐकते, मान हलवते आणि भरपूर भाव खाते.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. याच मोटरसायकलवर लग्नाआधी आई फिरायची. ओढणी कमरेला बांधून, नाल्याच्या वाळूतून, मागे निळा धूर सोडत. मामानं एकदाच सांगितलं, पण मला ते इतक्यांदा दिसलंय की मी तिथे होते असंच वाटतं. लग्नानंतर तिनं कधी हॅंडल धरलं नाही. मला ती गाडीवर बसलेली बघायची होती. बस, एवढंच.

पण पप्पांनी पहिली किक मारली आणि किकनंच पप्पांना मारलं. दांडा खाली गेला तसाच उसळून वर आला, थेट नडगीवर. पप्पा लंगडत नेपानगरला मिलच्या ड्यूटीवर गेले.

"रविवारी भंगारवाला येतो," आई म्हणाली. "देऊन टाकू."

"आई, ठीक करते ना मी."

"कधी, तुझा पाय मोडल्यावर?"

मी मामाला फोन लावला. त्याच्या दुकानात गर्दी होती. "टायमिंग पुढे गेलंय रश्मी," तो ओरडून म्हणाला. "थोडं मागे घे," आणि फोन ठेवला.

आता टायमिंग म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हे मला माहीत होतं. ती पुढे गेली, म्हणजे आमची परीक्षा पुढे जाते तशी. उशिरा. मग मागे घ्यायची म्हणजे लवकर करायची. सोपं होतं. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटखालची, ठिणगीची वेळ ठरवणारी प्लेट थोडी फिरवली की झालं. मी स्क्रू ढिले केले, प्लेट मॅग्नेट फिरतो त्याच्या उलट दिशेला सरकवली, स्क्रू कसले, शाळेचा बूट चढवला आणि किक मारली.

बूट उडून केळीच्या बुंध्यावर आदळला. तळपायात मुंग्यांचं वारूळ फुटलं.

आईनं नेमकं तेच बघितलं. डोक्यावरचा घड उतरवला आणि पदरानं तोंड पुसलं. "रविवार कशाला? आजच बोलावते," म्हणाली, आणि तिथंच उभ्यानं भंगारवाल्याला फोन केला. त्यानं उचलला नाही. तरी मला रडू आलं.

मी बूट हातात घेऊन गाडीवर बसून राहिले. पानांतून ऊन गळत होतं, दुरून तापीवरचा वारा येत होता. इंजिन उन्हानं कोमट झालं होतं, झोपेत कूस बदलणाऱ्या वासरासारखं. याला काही सांगायचंय आणि मला त्याची भाषा येत नाही, असं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारच्या बागेतून मालूबाई आली. "सविता, मनीषाची हळद पुढे गेली वं, आठ दिवसांनी आहे आता. तरी पापड लाटायला बोलावलंय. तू पुढे हो, मी मागून येते."

मी बूट खाली टाकला.

"मालूमावशी, काय म्हणालीस?"

"पापड म्हटलं."

"नाही, त्याच्या आधी. हळद पुढे गेली म्हणजे उशिरा. आणि आई पुढे गेली म्हणजे?"

"म्हणजे लवकर पोचली. पोरीला ऊन लागलं का वं सविता?"

मी मामाला फोन लावला. "मामा, टायमिंग पुढे म्हणजे आधी की नंतर?"

"आधी ग. पिस्टन वर पोचायच्या आत ठिणगी पडतेय, म्हणून तो उलटा ढकलला जातो. मागे म्हणजे मागून येऊ दे तिला. तू काय केलंस?"

"काही नाही," मी म्हणाले. "परीक्षा लवकर घेतली."

प्लेट परत फिरवली, या वेळी मॅग्नेट फिरतो त्याच दिशेला, पहिल्या जागेच्याही थोडी पलीकडे. बूट चढवला. पण किकवर पाय ठेवणार तोच आईनं माझा खांदा धरला.

"सरक. लागायचं तर मला लागू दे."

तिनं पदर कमरेला खोचला. लगेच किक मारली नाही. पाय ठेवून हळूच दाबत गेली, जिथे जड लागलं तिथे थांबली, सोडलं, पुन्हा दाबलं. हे तिला मी शिकवलं नव्हतं. मग अंगाचा सगळा भार टाकून एकच किक.

दांडा शहाण्यासारखा परत वर आला. इंजिन खोकलं, पेटलं. पानं थरथरली. मालूबाई कानावर हात ठेवून दोन पावलं मागे गेली.

आई गाडीवर बसली. घड भरायचं तिला आठवलंच नाही. वाटेनं सरळ निघाली, दोन्ही बाजूंची पानं तिच्या दंडांना लागत होती, आणि मागे निळा धूर हिरव्या उजेडात तरंगत राहिला. वाळू नव्हती, ओढणी नव्हती. बाकी सगळं होतं.

तिचा फोन घडाशेजारी वाजायला लागला. भंगारवाला. मी उचलला.

"हां दीदी, मिस कॉल था. भंगार उठाना है क्या?"

"भैया, उसको आगे कर दो."

"कितना आगे?"

मी वाटेकडे बघितलं. आई वळणावरून दिसेनाशी झाली होती, आवाज मात्र अजून येत होता, बारीक, भुंग्यासारखा.

"दिखती नहीं, इतना," मी म्हणाले.