अर्थाचा एकच रकाना

ताईला ती नोकरी मिळाली ती तिच्या तोंडामुळे. मुलाखतीत समोरच्या तिघांपैकी एकाने विचारलं, "'हात मारणे' म्हणजे काय?" ताई म्हणाली, "कशावर मारला त्यावर आहे. ताटावर मारला तर पोटभर जेवण, दुसऱ्याच्या खिशावर मारला तर चोरी. नुसताच मारला तर अंतर राखून उभे राहा." तिघंही खो खो हसले. "भाषेची अशीच माणसं हवीत आम्हाला," म्हणाले, आणि पुढच्या सोमवारपासून ताई काचेच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर खुर्चीत.

दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं 'माहिती विश्लेषण सेवा'. घरी कोणी विचारलं तर ताई सांगायची, कम्प्युटरवर शब्दांचं काम आहे. खरं काम असं होतं की सरकारला लोकांचे फोन ऐकायचे होते. इतक्या माणसांचं इतकं बोलणं ऐकायला सरकारपाशी कान कुठले? म्हणून सरकारने कान भाड्याने घेतले. कंपनीचं यंत्र बोलणं ऐकून अक्षरांत उतरवायचं आणि त्यात धोक्याचे शब्द हुडकायचं. शब्दांवरून, माणसाच्या धंद्यावरून, तो कुठे जातो आणि काय विकत घेतो यावरून त्या माणसाचा एक आकडा काढायचं, शंभरपैकी. पण धोक्याचे शब्द कोणते, हे त्या यंत्राला कोणी तरी शिकवायला हवं. ते काम ताईचं.

तक्त्याला तीन रकाने. शब्द, अर्थ आणि धोका. धोका शून्यापासून दहापर्यंत. अर्थाचा रकाना एकच. पहिल्याच दिवशी ताईने विचारलं, "एकाच शब्दाचे दोन अर्थ असले तर?"

टीमलीडरला सगळे पाठीमागे डॅशबोर्ड म्हणायचे, कारण तो माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी भिंतीवरच्या आलेखाकडे बघायचा. तो म्हणाला, "वाईट अर्थ धरायचा. चांगल्या अर्थाने कोणाचं काही बिघडत नाही ना?"

एका पाळीत तीनशे ओळी भरायच्या. 'काटा काढणे', धोका आठ. 'निकाल लावणे', सात. 'गेम करणे', नऊ. एक दिवस हाताला 'बार उडवणे' आलं. शेजारच्या टेबलावर चष्मेवाली होती, ती मान लांब करून म्हणाली, "अगं, लग्नाचा उडवतात तो पण लिही की."

"तो चांगला अर्थ. त्याला इथे जागा नाही."

"मग काय लिहितेस?"

"गोळी झाडणे, स्फोट करणे. धोका नऊ. चल, चहाला चल."

लोक म्हणतात, यंत्राला आपली भाषा कळत नाही, म्हणून घोळ होतो. साफ खोटं. यंत्र बिचारं काय, त्याच्या पुढ्यात टाकाल ते गिळतं. इथे भाषा अगदी नीट कळणारी एक बाई होती. कळत असून तिने अर्धा अर्थ लिहिला आणि अर्धा चहाच्या कपात बुडवला. तिच्यासारख्या चाळीस जणी त्या मजल्यावर बसल्या होत्या आणि एकीलाही त्या रात्री झोप लागली नाही असं झालं नाही.

आठ महिन्यांनी ताईला बढती मिळाली. आता काम पडताळणीचं. यंत्राने बाजूला काढलेली वाक्यं पडद्यावर यायची. नाव, नंबर, गाव, सगळ्यावर काळा पट्टा. आवाजही नाही, नुसती अक्षरं. लोकांचा खासगीपणा जपायचा म्हणे. ज्याच्या घरात शिरलो त्याच्या उंबऱ्यावर चपला काढून ठेवल्या, आणि वर त्याने आपले आभार मानावेत! प्रत्येक वाक्याखाली एकच प्रश्न यायचा. 'वाक्यात यादीतला शब्द आहे का?' होय किंवा नाही. वेळ आठ सेकंद.

त्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, वाक्य आलं. 'सामान सगळं आलंय. येत्या शुक्रवारी अकराला कचेरीतच बार उडवून देऊ. फार माणसं नकोत, गाजावाजा तर नकोच. एकदा उडवला की आपण मोकळे.'

ताई वाचून फिस्सकन हसली. चष्मेवालीला कोपर मारून म्हणाली, "बघ गं, मुलीचा बाप दिसतोय. व्याह्याला सांगतोय. नोंदणी कचेरीत लग्न."

"किती घाई बापाला!" चष्मेवाली म्हणाली.

कोपऱ्यातला आकडा लाल झाला. तीन सेकंद. प्रश्न लग्नाचा नव्हताच. शब्द आहे का, एवढाच होता. शब्द होता. ताईने 'होय' दाबलं. वरच्या लोकांनाही डोकं असेलच, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि पुढचं वाक्य आलं.

बुधवारी सकाळी ती डबा भरत होती तेव्हा भाचीचा फोन आला. "आत्या, बाबांना नेलं. पाच-सहा जण आले होते. दुकान उचकटलं. तू ये ना लवकर."

ताईच्या हातातलं झाकण खाली पडलं ते तिने उचललंही नाही.

धाकटा म्हणजे ताईचा एकुलता भाऊ, वेल्डर. फाटकं, जाळ्या, जिन्याचे कठडे करायचा. पोरीची आई गेल्यापासून त्याने दोन्हीकडची माया एकट्याने केली. हातात कायम लोखंड आणि तोंडात कायम गप्पा. टकळी चालू असायची त्याची. ठिणग्या उडताना ओरडून विनोद सांगायचा आणि समोरच्याला ऐकूच आले नाहीत तर मशीन बंद करून पहिल्यापासून सांगायचा. भाचीचं लग्न ठरलंय हे ताईला ठाऊक होतं. तारीख पुढच्या महिन्याची होती. पण नवऱ्यामुलाला अचानक बदलीचा हुकूम आला, लांबच्या गावी, म्हणून शुक्रवारीच उरकायचं ठरलं. धाकटा ही बातमी द्यायला बुधवारी संध्याकाळी स्वतः ताईकडे येणार होता. ताईच्या तोंडावरचं आश्चर्य बघायचं होतं त्याला, म्हणून तिला फोनवर बोलला नाही.

पोलीस ठाण्यात एक पोक्त अंमलदार बसला होता. वाईट माणूस नव्हता. त्याने भाचीला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग कागद समोर धरून वाचलं, "'कचेरीतच बार उडवून देऊ.' हे त्यांचंच बोलणं. त्यांनी कबूल केलंय."

एक एक शब्द तिच्या ओळखीचा होता.

कबूल करणार नाही तर काय करणार? त्याला विचारलं, तू असं बोललास का? तो म्हणाला, हो, मीच बोललो, शुक्रवारीच उडवणार होतो. सामान कुठाय? घरीच आहे की. दुकानात गॅसच्या टाक्या मिळाल्या, कापलेले पाइप मिळाले. वेल्डरच्या दुकानात आणखी काय मिळणार, गुलकंद?

"साहेब," ताई म्हणाली, "तुम्ही पण हीच भाषा बोलता ना? तुमच्या लग्नाचा बार उडवला नाही कोणी?"

"बाई, मला कळतंय," अंमलदार खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्या बहिणीच्या वेळी मीसुद्धा हेच बोललो होतो. पण वरून आकडा आलाय, ब्याण्णव. माझ्या कळण्याला कोण विचारतो? आकडा खाली आला की मी त्यांना स्वतः घरी सोडतो."

"आकडा खाली कोण आणणार?"

"ज्यांनी दिला ते. कंपनी."

ताई तशीच कंपनीत गेली. डॅशबोर्डने ऐकून घेतलं, एकदा भिंतीकडे बघितलं आणि कानावर हात ठेवले. "कंपनी कोणाला धरत नाही. कंपनी फक्त आकडा देते. धरायचं की नाही ते सरकारने बघायचं."

"सरकार म्हणतं कंपनीने बघायचं."

"हे बघ, शब्दाचा अर्थ आपण आज बदलू. उद्यापासून लागू होईल. जुने आकडे बदलत नाहीत. गिऱ्हाइकाचा विश्वास उडेल."

"शुक्रवारी पोरीचं लग्न आहे हो!"

"मला वाईट वाटतं." मग त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "आणि यंत्राची चूक म्हणशील तर तसं नाही. हे बघ. 'माणसाने पडताळले' असा शिक्का आहे. त्याखाली क्रमांक कोणाचा?"

क्रमांक ताईचा होता.

"माणसाने पडताळलेला आकडा त्याच माणसाने लेखी मागे घेतला तरच कमी होतो," तो म्हणाला. "पण मग ती तुझी चूक ठरते. आणि चूक ठरली की इथे राहता येत नाही, माहीत आहे ना?"

"कागद दे," ताई म्हणाली.

तिने उभ्या उभ्या लिहून दिलं. 'वाक्य लग्नासंबंधी होते. मला तेव्हाच समजले होते. तरीही मी होय दाबले.' खाली नाव, सही. डॅशबोर्ड म्हणाला, मधलं वाक्य काढ, उगाच अंगाशी येईल. ताईने काढलं नाही. चष्मेवाली लिफ्टपर्यंत सोबत आली आणि दार बंद होताना हलक्या आवाजात म्हणाली, "कागदात माझं नाव नाही ना गं?"

कागद चौथ्या मजल्यावरून सातव्यावर, तिथून सरकारात, तिथून आणखी कुठे, असा एकोणीस दिवस फिरला. शुक्रवार आला आणि गेला. व्याह्यांनी निरोप पाठवला की मुलाची नोकरी सरकारी आहे, समजून घ्या. नवरामुलगा एकटाच नव्या गावी रुजू झाला. भाचीने दोन दिवस दार उघडलं नाही, तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ठाण्यात जाऊन त्याच खुर्चीत बसू लागली. ताई तिच्याशेजारी. तिथे बसून पोरीला सांगावं, अगं, ते वाक्य माझ्यापुढे आलं होतं, असं ताईच्या ओठांवर रोज यायचं आणि रोज ती गिळायची. आधी सुटू दे, मग सांगू, असं.

विसाव्या दिवशी तो सुटला. अंमलदाराने शब्द पाळला, गाडीने घरी सोडलं. सुटकेच्या कागदाला ताईची चिठ्ठी टाचलेली होती, तीही त्याच्या हातात दिली. नियमच होता तसा.

ताई दुपारी पोचली. धाकटा घरापुढच्या दुकानात मोकळ्या बाकावर बसला होता. दाढी पांढरी झाली होती. टाक्या अजून परत मिळाल्या नव्हत्या. तिला बघून तो उठून उभा राहिला.

"या," तो म्हणाला. "बसा."

ताईने मागे वळून बघितलं. तिला वाटलं, मागून कोणी आलंय.

मागे कोणी नव्हतं. लहानपणी याचं नाक तिने आपल्या फ्रॉकला पुसलं होतं. शाळेत याने मार खाल्ला की मास्तरांशी ती भांडली होती. बावन्न वर्षांचा झाला तरी फाटकातून 'ए ताई, काय केलंयस गं खायला?' असं ओरडत घरात शिरणारा माणूस हा.

"अरे, असं काय बोलतोस?" ती म्हणाली.

तो खाली बसला. प्रत्येक शब्द उचलून, उलटासुलटा करून बघावा तसा बोलू लागला. "एक विचारायचं आहे. वाक्य वाचलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं, की हे लग्नाचं आहे?"

"चिठ्ठीत लिहिलंय मी."

"चिठ्ठी वाचली. तुमच्या तोंडून हवं."

"हो. कळलं होतं."

"मग काय केलंत?"

खोटं बोलता आलं असतं. "हसले," ती म्हणाली. "शेजारणीला दाखवलं. मग दाबलं."

त्याने मान हलवली. हे त्याला पटलं असावं. त्याच्या वाक्यावर लोक हसायचेच.

"पण तू होतास हे माहीत नव्हतं रे मला! नावावर पट्टा होता. आवाज नव्हता. शपथ घेऊन सांगते, माझा भाऊ आहे हे कळलं असतं तर हात तोडला असता मी, पण..."

"म्हणजे दुसरा कोणी असता तर चाललं असतं," तो म्हणाला.

रागाने म्हणाला असता तर ताईने पाय धरले असते. तो रागाने म्हणाला नाही. हिशोबाचं बोलावं तसं सरळ बोलला आणि गप्प झाला. भाची मधल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तांब्या तिने बाकाच्या कडेला ठेवला, आत्याच्या हातात दिला नाही.

ताईला ती शांतता सोसेना. हे दुकान इतकं शांत तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"मार मला," ती म्हणाली. "शिव्या दे. तुला किती येतात मला ठाऊक आहे. पण 'तू' म्हण रे मला. एकदा म्हण."

धाकट्याने तिच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. ओठ हलले, कुठला तरी शब्द तोंडाशी आला असावा, पण त्याने तो आतल्या आत फिरवून बघितला आणि टाकून दिला.

"आत्यांना फाटकापर्यंत सोडून ये," तो पोरीला म्हणाला.

दोघी फाटकापर्यंत गेल्या. भाचीने कडी काढली. तिचा चेहरा कोरा होता, बापाच्याच वळणाचा. "आत्या, घरी फोन करू नकोस," ती म्हणाली. "फोन वाजला की बाबा जागच्या जागी उभे राहतात. दोन्ही हात वर करून. मघाशी दूधवाल्याचा आला होता तरी तसेच उभे होते. मी हात धरून खाली केले."

ताई काही तरी बोलणार होती, तेवढ्यात आत फोन वाजला. भाची वळली आणि धावत आत गेली. फाटक उघडंच राहिलं. आत जायला ताईचा पाय उचलेना आणि घरी जायलाही उचलेना. ती तिथेच उभी राहून वाजणारा फोन ऐकत राहिली.